भिजलेल्या कार्डावरचा स्वल्पविराम

मित्रांनो, मी एक जुने कार्ड आहे. पोस्टाचे नव्हे आणि वाढदिवसाचे तर नव्हेच. शब्दकोश तयार होतो त्या कचेरीत प्रत्येक शब्दासाठी एक जाड कार्ड असते, त्यांपैकी मी एक. माझ्या शेजारणीला 'निरागस' हा शब्द मिळाला. माझ्या वाट्याला आला 'निराशावाद'. नशीब एकेकाचे!

कागद कापणाऱ्या यंत्राखालून मी कोरे, तळहाताएवढे आणि चारही कोपऱ्यांत ताठ असे बाहेर पडले. संपादक बाईंनी शाईच्या पेनाने माझ्यावर पहिली ओळ लिहिली तेव्हा मला कोण आनंद झाला! त्यांचे अक्षर म्हणजे मोत्याचा सर. त्यांनी लिहिले की, या शब्दाचा मूळ परदेशी अवतार 'सर्वांत वाईट' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून घडला. अठराव्या शतकात युरोपातले काही विद्वान म्हणत की, जितकी जगे असू शकतील त्यांत आपलेच जग सर्वांत उत्तम. या मताला एक नाव मिळाले. मग उलट मत मांडणाऱ्यांनाही काहीतरी म्हणायला हवे, म्हणून दुसरे नाव निघाले. आपल्या भाषेत त्याचे झाले 'निराशावाद'. थोडक्यात, माझा शब्द हे भांडणातून जन्मलेले धाकटे भावंड आहे.

आमच्या कचेरीचे दोन कडक नियम होते. प्रत्येक कार्डावर उदाहरणाचे एक वाक्य हवे आणि ते कोणाच्या तरी तोंडून खरोखर निघालेले हवे. दुसरा नियम असा की, कार्ड तपासनीस काकांच्या सहीशिवाय कपाटात जायचे नाही. काकांनी फक्त शुद्धलेखन आणि विरामचिन्हे पाहायची, मजकुरात ढवळाढवळ करायची नाही.

या काकांना सगळे 'समजाकाका' म्हणत, कारण त्यांचे प्रत्येक बोलणे 'समजा'पासून सुरू होई. समजा, वीज गेली तर? समजा, किल्ली हरवली तर? खिशात दोन चष्मे, पिशवीत दोन छत्र्या. एकदा त्यांना वाटले, समजा, कचेरीत पाणी शिरले तर? झाले! त्या दिवसापासून ते रोज जेवणाच्या डब्यासोबत पिशवीतून दोन विटा आणू लागले. अकरा कपाटे, प्रत्येकाचे चार पाय, प्रत्येक पायाखाली दोन विटा. कपाट उचलायला ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हाताशी धरत. लोक पोट धरून हसत आणि मग त्याच विटांना ठेचकाळत.

एके सकाळी बाईंचा अंगठा विटेवर असा आपटला की, त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या तणतणत जे बोलल्या, तेच त्यांनी त्या रागात माझ्यावर उदाहरण म्हणून लिहून टाकले: 'निराशावादामुळे माणूस नुसत्या विटा रचत बसतो त्याच्या हातून काहीही घडत नाही.'

मी काकांच्या टेबलावर गेले. त्यांनी मला वाचले. हे कोणाबद्दल आहे हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. मग त्यांनी लाल बॉलपेन उचलले, 'बसतो'च्या पुढे राहून गेलेला स्वल्पविराम दिला आणि खाली सही केली. दुसरी काही चूक नव्हती, म्हणून दुसरे काही लिहिले नाही. मित्रांनो, मी तेव्हा लाजेने चूर झाले.

बाईंनी तो लाल स्वल्पविराम पाहिला आणि त्यांचेही मन खाऊ लागले. पण माफी मागायला जीभ रेटेना. त्यांनी मला टेबलाखालच्या अगदी खालच्या फळीवर, 'पुन्हा पाहणे' असे लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवून दिले. काकांच्या निवृत्तीला तेव्हा दोन महिने उरले होते.

मग लागून दोन सुट्ट्या आल्या. वरच्या मजल्यावर कोणीतरी नळ उघडा टाकून गेले होते. आधी नळाला पाणी नव्हते, ते सुट्टीत आले आणि जिन्यावरून थेट आमच्या दाराखालून आत शिरले. मी खालच्या फळीवर होते, त्यामुळे नखशिखांत भिजले.

तिसऱ्या दिवशी बाईंनी दार उघडले. घोटाभर पाणी पाहून त्या उंबऱ्यातच थिजल्या. वीस वर्षांचे काम, चाळीस हजार कार्डे, आणि दुसरी प्रत कुठेही नाही. काका मागून आले, पँट दुमडली आणि पाण्यात उतरून एकेक खालचा खण उघडत गेले. अकराही कपाटांचे तळ पाण्याच्या दोन बोटे वर होते. कपाटांतले एकही कार्ड ओले नव्हते.

बाई पाण्यातून आपल्या टेबलापाशी येऊन बसल्या. मग त्यांनी वाकून मला उचलले. त्यांची निळी शाई पसरून वाक्य पार धुऊन गेले होते. उरला होता फक्त लाल स्वल्पविराम आणि खालची सही. काका बॉलपेनच वापरत, कारण समजा, कागद भिजला तर?

"काका, सगळं बुडणार असंच वाटत होतं तुम्हाला," बाई हळूच म्हणाल्या, "मग इतकी वर्षं रोज वेळेवर का येत होता?"

"बुडेल असं वाटायचं म्हणूनच तर यायचो, बाई. सगळं ठीक होणार अशी खात्री असती, तर घरी झोपलो नसतो का? वाईटात वाईट काय होईल ते मी बघतो. आशा सोडलीय असं कधी म्हटलं?"

बाईंनी कोरे कार्ड घेतले. आता अर्थ दोन झाले. पहिला, काही चांगले होणारच नाही असे मानून हातपाय गाळणे. दुसरा, वाईट होऊ शकते हे धरून आधीच तयारी करणे. त्यापुढे उदाहरण: 'काकांचा निराशावाद होता, म्हणून हा कोश वाचला.'

काकांनी ते वाचले आणि नकारार्थी मान हलवली. "नियम आहे बाई. हे वाक्य कोणी बोललंय का?"

बाई उभ्या राहिल्या आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी ते वाक्य म्हटले. मग म्हणाल्या, "बोलले. करा सही."

काकांनी चष्मा पुसला. मग दुसरा चष्माही पुसला. सही केली. मला मात्र त्यांनी टाकू दिले नाही. मला वाळवले, नवा मजकूर माझ्या पाठीवर जसाच्या तसा उतरवला आणि खणात ठेवले. "समजा, नवं कार्ड हरवलं तर?" बाई या खेपेला हसल्या नाहीत.

काका निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी छापखान्यात जाताना नवे कार्ड खरोखरच हरवले. आज कोशात तुम्ही 'निराशावाद' वाचता, तो माझ्या पाठीवरून छापलेला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात असे कोणी असेल. निघता निघता गॅस बंद केला का विचारणारे, ऊन पडलेले असताना तुमच्या हातात छत्री कोंबणारे. त्यांना खुशाल हसा, पण छत्री घेऊन जा. आणि परत आल्यावर ती कोरडी असली, तरी त्यांना एकदा 'बरं झालं दिलीत' म्हणा. माझ्या काकांना ते ऐकायला वीस वर्षे लागली.