उदाहरणातली माणसे

कायद्याच्या उदाहरणांत राहणारी माणसे हिवाळी अधिवेशनासाठी नागपूरला येतात, तेव्हा त्यांच्या मुक्कामाची व्यवस्था मी पाहतो. फायलींच्या ट्रकमागून त्यांची बस येते. फौजदारी कायद्यातल्या पुष्कळ कलमांखाली एखादे उदाहरण असते: क हा य ला काठीने मारतो, क हा य चा बैल त्याला न विचारता नेतो. करतो तो क. सोसतो तो य. त्यांची मूळ नावे आता त्यांनाही आठवत नाहीत. आमच्या दालनात प्रत्येक जोडीला एक खोली असते, आणि आत पाऊल टाकताच ती आपले काम पुन्हा सुरू करतात.

या वर्षी ती यायच्या आधीच दालन लांबले होते. टोकाला एक नवी खोली उगवली होती, ओल्या चुन्याच्या वासाची. आत शाळेतले दोन बाक, समोरासमोर. मी आमच्या उपसचिव डांगरे मॅडमना बोलावून आणले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, देवळाबाहेर काढतात तशा.

"नव्या कलमाची आहे," त्या म्हणाल्या. "मुलांना ऑनलाइन छळण्याच्या गुन्ह्याची. विधेयक आज दुपारी सभागृहात येतंय."

"भिंती ओल्या का आहेत?"

"कुणी राहायला आल्याशिवाय वाळायच्या नाहीत. रिकाम्या उदाहरणावर कलम उभं राहत नाही, देशकर. मसुदा तुमचा ना? मग माणसंही तुम्हीच बघा."

मसुदा मी लिहिला होता, तो माझ्या बहिणीसाठी. इरावती दहावीत आहे. तिच्या वर्गातल्या मुलांनी तिच्या चेहऱ्याला दुसऱ्याच कुणाचे शरीर जोडले, एक ग्रुप काढला, आणि ती मुले तिने जगावे की नाही यावर रोज मते घेऊ लागली. आईने तिचा फोन तूरडाळीच्या डब्यात पुरला. झाकणाच्या कडेने उजेड येतच राहिला. ठाण्यातल्या हवालदारांनी तिला हात पुढे करायला सांगितले आणि ते उलटसुलट पाहिले. "वळ कुठंय, बाई?" ते म्हणाले. ते निष्ठुर नव्हते. जुन्या कायद्याला वळच दिसतो, आणि त्यांच्याजवळ त्याचेच डोळे होते.

दुपारी, जोड्या आपापल्या खोल्यांत कामाला लागल्यावर, इरावती माझा डबा घेऊन आली. टोकाची नवी खोली कुणासाठी अडून आहे, हे मी तिला सांगितले. काठीच्या खोलीपाशी ती थांबली.

"दादा, हे काका दिवसभर मारच खाऊन राहिले का?"

"हो."

म्हाताऱ्या य ने मान न उचलता तिच्याकडे पाहिले. "तुला कोण मारतं, पोरी?"

"वर्गातले."

"सगळे? चंगळ आहे बुवा तुझी. मला आपला हा एकटाच." काठी उगारलेला क ओशाळून हसला.

"दुखतं का हो?"

"दुखायचं केव्हाच राहिलं. संपत तेवढं नाही. पण बाहेर कुणाला काठी बसली, की न्यायाधीश माझ्याकडे बोट दाखवतात. म्हणतात, याला झालं तसंच याला झालं. मग त्या माणसाला आपलं दुःख पटवत बसावं लागत नाही."

इरावतीने डबा माझ्या हातात दिला. मग दालनाच्या टोकाकडे चालू लागली. ती कुठे निघाली हे मला लगेच कळले, आणि मी तिचे मनगट धरले.

"इरा, तिथून कुणी परत येत नाही. नावसुद्धा राहत नाही."

"माझ्या नावाचं त्यांनी काय करून ठेवलं, पाहिलं न तू?" ती म्हणाली. "घरी ते कुठूनही येतात, दादा. उशीतून येतात. इथं निदान समोर बसतील."

मी तिच्याआधी धावत आत गेलो आणि बाकावर बसलो. भिंतींतून पाणी झिरपू लागले.

"उठा, देशकर," दारातून डांगरे मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. "तुम्ही सज्ञान आहात. हे कलम तुम्हाला घेणार नाही."

मी उठलो. इरावतीने वेणी पुढे घेतली, ओढणी सारखी केली आणि ती बसली.

भिंती वाळल्या. खालून वर एक शुभ्रता चढत गेली, पहाट चढावी तशी. मग समोरच्या बाकामागे एक बाक उगवला. त्याच्यामागे आणखी एक. खोली दालनाबाहेर गेली, रस्त्यापलीकडे गेली, आणि तरी तिला छत होते. दूरवर बाकांचा रंग डोंगरांसारखा निळा होत गेला. मुले येऊन बसू लागली, तिच्याच शाळेच्या गणवेशात, मग दुसऱ्या शाळांच्या, मग मोठी माणसे, ज्यांनी ते चित्र नुसते पुढे पाठवले होते तीही. कुणी ढकलाढकली केली नाही. प्रत्येकाच्या हातात एक लहान उजेड होता. इतके उजेड एका छताखाली मी कधी पाहिले नव्हते. ते भयंकर होते, आणि मला नजर काढवत नव्हती.

"मला वाटलं होतं, क एकच असेल," डांगरे मॅडम पुटपुटल्या. त्यांनी हात जोडले होते.

दूर सभागृहात बाके वाजली. विधेयक मंजूर झाले होते.

मी तिला हाक मारायला तोंड उघडले. नाव तिथे नव्हते. जिभेवर जे उरले होते, त्यानेच मी हाक मारली.

"य!"

सबंध दालनात माना वर झाल्या. म्हाताऱ्याची, बैल गेलेल्या शेतकऱ्याची, विहिरीत ढकललेल्या बाईची. ज्यांना कुणी कधी हाक मारली नव्हती त्या सगळ्यांची. काठ्या हवेत थांबल्या, बोटे काचांवर थांबली. सर्वांत शेवटी, त्या अफाट उजेडासमोरून, एका मुलीने मान वळवली, आणि आपल्यापैकी नेमके कुणाला बोलावले आहे हे विचारण्यासाठी ती शेजारच्या खोलीकडे पाहू लागली.