शिंपीआजोबांचा हिरवा दिवा

मित्रांनो, मी एक जुना हिरवा दिवा आहे. माझ्या उजेडात ना पुस्तक वाचता येतं, ना सुई ओवता येते. एका लहानशा कारखान्यात मला घडवलं, ते दुखणाऱ्या माणसांसाठी. मी आलो शिंपीआजोबांच्या खोलीत.

आजोबांना बरगडीवर नागीण झाली होती. फोड सुकले, पण आतली नस ठणकत राहिली. जन्मभर लोकांचे सदरे शिवले, आणि आता स्वतःच्या अंगावर सदरा सोसवेना. गोळ्यांनी दिवसभर गुंगी यायची. सहा वर्षांची नात धावत येऊन बिलगली की ते कळवळायचे, "लांब हो, ठमाबाई, लांब!"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज दोन तास खोलीत फक्त हाच दिवा लावून बसा. हिरव्या उजेडाने नसेचा ठणका कमी होतो म्हणतात. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही. बघू या."

"ऊब नाही की शेक नाही! उजेड आहे की पालकाचं पाणी?" आजोबा कुरकुरले.

"बाबा, आठ दिवस बसून तर बघा," सून म्हणाली.

सून फार धास्तावणारी. लेकीच्या डोळ्यांना काही झालं तर? म्हणून तिने ठरवून टाकलं, दिवा चालू असताना मुलीने आत यायचं नाही. डॉक्टरीणबाईंना विचारायचं मात्र राहून गेलं. दाराच्या फटीतून मला दोन छोटी पावलं दिसायची. पुढे पुढे तीही दिसेनाशी झाली.

दहाव्या आठवड्यात आजोबांनी सदऱ्याची सगळी बटणं लावली. घरात माझं केवढं कौतुक झालं! त्यांनी दार उघडून हाक मारली, "ये गं ठमाबाई! आता टेकलीस तरी चालेल."

ती उंबऱ्यापाशीच थांबली. "नको आजोबा. तुम्हाला दुखेल." आणि खेळायला निघून गेली.

सून तिथेच उभी होती. तिचा चेहरा मला बघवला नाही.

तेव्हापासून आजोबा मला लावतात, ते दार सताड उघडं ठेवून. बाहेरचा उजेड आत येतो, मी फिका पडतो. माझ्यावरची धूळही कुणी पुसत नाही. नस पुन्हा ठणकू लागली आहे.

"बाबा, दार लोटू का?"

"राहू दे. येईल ती."

मित्रांनो, दुखणाऱ्या माणसाची काळजी जरूर घ्या. पण त्याच्याजवळ कसं बसायचं, तेही कुणाला तरी विचारून घ्या. नस निवली तर निवेल. लांब राहायला शिकलेलं लेकरू परत आणण्याइतका उजेड माझ्यात नाही.