राखेचं पाणी

बाईचं पोट दुखलं की घरात कोणी विचारत नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पुरुषाला नुसती शिंक आली तरी घरात काढा उकळतो. बाई चुलीपुढे पोट दाबून बसली तर म्हणतात, सरक जरा, भात करपून राह्यला. आणि बाईही सरकते! दुखणं अंगावर काढायचं, हे तिला चालायला लागल्यापासून शिकवलेलं असतं. घरोघरी मातीच्या चुली, तुमच्याकडेही आणि माझ्याकडेही. पण ही गोष्ट मूल तालुक्यातल्या एका तलावाच्या गावची आहे, आणि ती सांगताना माझा आवाज चढला तर ऐकून घ्या.

मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती, मालगुजाराचा तलाव सरकारचा झाला होता. गावातल्या पंचवीसेक घरांचं पोट मात्र पूर्वीसारखंच त्या तलावावर चालायचं. इस्तारीचं घर त्यातलंच. इस्तारी जाळं टाकायचा, त्याची बायको गिरजा मासे निवडायची, आणि त्याची आई देवकाबाई टोपलं डोक्यावर घेऊन बाजाराला जायची. एके काळी ही देवकाबाई अशी उंच होती की बाजाराच्या गर्दीत तिचं टोपलं लांबून ओळखू यायचं. पुढे ती वाकली. मग अजून वाकली. इतकी की उभी राहिली तरी तिला समोरचा माणूस दिसायचा नाही, त्याचे पाय दिसायचे. गावातली पोरं तिला 'कमान' म्हणायची आणि मोठी माणसं हसायची.

तिची लेक कुंता सिंदेवाहीकडे दिली होती. बाजारात कोणी तरी तिच्या कानावर घातलं की तुझी माय पडली. ऐकलं तशी कुंता निघाली आणि दुपारी माहेरच्या अंगणात येऊन उभी राहिली. इस्तारी जाळ्याची फाटलेली गाठ बांधत बसला होता.

"भाऊ, माय कुठी हाय?"

"कोठ्यात," तो म्हणाला. वर पाहिलं नाही.

कोठ्यात म्हणजे शेळ्यांच्या कोठ्यात. तिथे एका खाटेवर देवकाबाई पडली होती. उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड दिसणारा. उशाशी एक कटोरा, त्यात तांदळाची पातळ पेज, पेजेवर माशा. कुंता खाटेच्या काठावर बसली तशी म्हातारी कळवळली.

"कशी पडली वो माय?"

"पडली नाई," देवकाबाई हळू म्हणाली. "चुलीजवळून उठली. कटकन आवाज आला. मंग पडली."

कुंता बाहेर आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. "शेळ्याईत ठेवलं काऊन तिले?"

"घरात कसं ठेवू? तिचं पोट वाहाते. उठता येत नाई तिले. पोरंसोरं जेवतात तिथी." इस्तारीने जाळं बाजूला ठेवलं. तो काही राक्षस नव्हता. दारू पीत नव्हता, आईवर हात उगारत नव्हता. गावात त्याला चांगला माणूस म्हणत. म्हणूनच जास्त राग येतो. "वैदू येऊन गेला, कुंता. म्हणे म्हातारं हाड हाय, जुळत नाई. पिकलं पान हाय, आज ना उद्या गळन."

"पान नाई थे, माय हाय! अन् तिले नुसती पेज काऊन? घरात मासोळीचा ढीग पडला हाय."

उत्तर गिरजाने दिलं. ती दाराआडून म्हणाली, "विटाळ गेल्यावर बाईनं मासोळी खाऊ नाई, कुंताबाई. उष्ण पडते, पोटात आग होते. तुमाले मालूम नाई का?"

मालूम होतं. कुंताला सगळं मालूम होतं. या गावची ती रीतच होती. बाईची पाळी गेली की तिच्या ताटातली मासोळी जायची, अंडं जायचं, शेळीचं दूधही जायचं. राहायचा भात आणि भाताचं पाणी. पोट जळायला लागलं की रोज सकाळी चुलीची राख पाण्यात कालवायची, निवळू द्यायची आणि वरचं पाणी प्यायचं. एक ढेकर यायची आणि आग थांबायची. दुसऱ्या दिवशी परत राख. सासू सुनेला द्यायची, सून पुढे आपल्या सुनेला द्यायची. कुंताची आजी ते पाणी प्याली, आजीची सासू प्याली, आणि दोघीही वाकून मेल्या. गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या वाकून चालत होत्या. एकाही शहाण्याला वाटलं नाही की सगळ्याच कशा वाकतात, हे एकदा विचारावं.

"भाऊ, बंडी आन," कुंता म्हणाली. "मी तिले दवाखान्यात नेतो."

"भात कापाचा हाय मले. अन् दवाखान्यात जाऊन काय नवी हाडं भेटतात?"

"तू येऊ नको. मीच डोमाले बंडी मांगतो. गावभर सांगतो का पोराले वेळ नाई, म्हणून लेक मायले घेऊन चालली."

लोक काय म्हणतील, हे आपल्याकडे देवापेक्षा मोठं. इस्तारीने मुकाट्याने शेजारच्या डोमाची बैलबंडी जुंपली. भाताच्या वाळल्या तणसाची गादी केली. म्हातारीचं धुणंपुसणं करायला गिरजाही बसली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला देवकाबाईचा जीव जात होता, पण तिने तोंडातून हूं की चूं काढलं नाही. पदराचा बोळा दातात धरून पडली होती.

दवाखान्यात डॉक्टर होत्या सुगंधाबाई. केस पांढरे झालेल्या, अंगाने थोराड, आणि बोलायला फटकळ. त्यांनी पाय पाहिला, कंबर पाहिली, पाठीच्या कण्यावरून एकेक मणका बोटाने दाबत खाली आल्या. मग पोट दाबलं. देवकाबाईने डोळे मिटून घेतले.

"पोट कधीपासून असं आहे?" त्यांनी विचारलं.

म्हातारीने पदर तोंडावर ओढला. लेकाच्या देखत पोटाचं कसं सांगायचं?

इस्तारी उठून बाहेर निघाला. "बायाईचं हाय, तुमीच पाहा."

"बस खाली!" सुगंधाबाई अशा ओरडल्या की बाहेरच्या बाकावरची माणसंही उठून उभी राहिली. "तिचं पोट हे बायांचं काम आणि तिने कमावलेलं खाणं हे घरादाराचं, असं का? बस. तुझी आई काय खाते ते सांग मला."

इस्तारी बसला. त्याने आठवून पाहिलं. तलावात कुठल्या कोपऱ्यात कोणती मासोळी लागते हे त्याला अंधारातही सांगता आलं असतं. आई काय खाते हे त्याला सांगता येईना. ती कधी जेवते, तेही त्याने कधी पाहिलं नव्हतं. शेवटी गिरजाने खालमानेने सांगितलं: पेज आणि राखेचं पाणी.

सुगंधाबाई खुर्ची ओढून इस्तारीच्या पुढ्यात बसल्या. "ऐक. पोटात आंबट रस असतो. तो अन्न फोडतो. हाडाला लागणारा चुना त्या फोडलेल्या अन्नातून अंगाला मिळतो. तुम्ही रोज राख ओतून तो रसच मारला. त्यात हिला जुनी हगवण. जे चार घास खाल्ले तेही अंगी लागले नाहीत. आणि खाल्लं तरी काय? भाताचं पाणी."

"पण बाई, राखेनं बरं वाटते," इस्तारी म्हणाला.

"आग थांबते, दुखणं थांबत नाही. अंगाला चुना रोज लागतो. तो पोटाकडून आला नाही तर अंग तो हाडातून काढतं. घराच्या भिंतीची माती खरवडून चूल सारवत राहिलास तर भिंत किती वर्षं उभी राहील? हिची भिंत आतून खरवडून गेली. म्हणून ती वाकली, म्हणून नुसतं उठताना हाड मोडलं. बाईची पाळी गेली की तिची हाडं आपसूकच झिजायला लागतात. तेव्हा तिला काट्यासकट मासोळी, दूध असं चुन्याचं खाणं हवं, आणि तुम्ही नेमकं तेव्हाच तिचं ताट रिकामं करता!"

"म्हातारपणी सगळेच वाकतात..."

"तुझा बाप वाकला होता?"

इस्तारीचा बाप मरेपर्यंत ताठ चालत होता. ताटात रोज मासोळी खात होता, बारीक काट्यासकट.

खाटेवरून आवाज आला तेव्हा सगळ्यांनी वळून पाहिलं. देवकाबाई बोलत होती. आधी हळू, मग जोराने, आणि तिचा तो आवाज कुंतानेही जन्मात ऐकला नव्हता.

"मी सांगतलं होतं. तुह्या बापाले सांगतलं, तुले सांगतलं, माह्या पोटात जळते, खाल्लेलं थांबत नाई. तू म्हणे राख पे. तुह्या बापानंबी तेच म्हटलं. मी मासोळी वाहिली, इकली, रांधली, तुमाले वाढली. माह्या तोंडात कोणी घातली? पोरं मले कमान म्हणत अन् तू हसे, इस्तारी. मी खाली पाहून चालो म्हणून तुले वाटलं मले दिसत नाई. ऐकू तर येत होतं ना मले!"

इतकं बोलून ती धापा टाकत पडली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्लेली बाई एकदाची बोलली होती. घरातल्यांसाठी तिने हाडाची काडं केली, असं आपण कौतुकाने म्हणतो. या बाईची खरोखर झाली होती.

इस्तारीची मान वर होईना. "बाई, पाय जुळन का?" त्याने विचारलं.

"पायाला वजन लावून ठेवते. महिनोन् महिने पडून राहावं लागेल. हगवणीचं औषध देते, चुन्याच्या गोळ्या देते, माशाचं तेल देते. दुखणं कमी होईल, जगेल. पण चालेल असं मी तुला खोटं सांगणार नाही. दहा वर्षांपूर्वी पोटासाठी आणली असतीस तर ही आज बाजारात असती." मग सुगंधाबाईंची नजर भिंतीशी उभ्या असलेल्या गिरजाकडे गेली. तिचा एक हात बरगडीखाली दाबलेला होता. "तुला काय होतं गं?"

"काई नाई."

"राख घेतेस?"

गिरजाने नवऱ्याकडे पाहिलं. सवयीने. मग मान हलवली.

"कवापासून?" हे इस्तारीने विचारलं.

"दोन पावसाळे झाले. तुमालेच तं सांगतलं होतं. तुमीच म्हटलं, मायले विचार, मायजवळ औषध हाय."

आता मात्र इस्तारीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो मोठ्याने रडला. चार माणसांसमोर. आईचं हाड मोडल्यावर जे त्याला कळलं नव्हतं, ते बायकोच्या बरगडीखालच्या हाताने कळलं. आपण एक बाई कोठ्यात टाकली आणि दुसरी तिच्या जागेसाठी तयार करत होतो! "बाई," तो म्हणाला, "हिलेबी तपासा. आजच तपासा. मी इथीच बसून राह्यलो."

सुगंधाबाईंनी तपासलं. गिरजाच्या पोटात जंत होते, आणि उपाशीपोटी राबून आंबट रसही वाढला होता. दोन्हीवर औषध होतं, कारण ती वेळेवर आली होती.

देवकाबाई होळीच्या सुमारास घरी आली. हाड जुळलं, पण वाकडं. पाठ वाकली ती वाकलेलीच राहिली. तिला पुन्हा कधी चालता आलं नाही. बसल्या बसल्या सरकत ती ओसरीच्या टोकापर्यंत यायची. शेळ्यांच्या कोठ्यात तिची खाट परत गेली नाही, ओसरीवर आली. तिच्या ताटात रोज बारीक मासोळी मऊ शिजवून पडायची, गिरजा तिच्याशेजारी त्याच वेळी जेवायला बसायची, आणि चार दिवस गावाने नावं ठेवली. म्हातारीले चव सुटली म्हणे!

मग गावातल्या बाया भेटायला यायला लागल्या. पायाची चौकशी करायच्या, आणि निघताना हळूच कानाशी येऊन म्हणायच्या, माय, माह्याबी पोटात जळते वो. देवकाबाई मुद्दाम मोठ्याने बोलायची. "कानात काऊन सांगते? मोठ्यानं सांग. पोट हाय, चोरीचा माल नाई. माह्ये पाय गेले, तुह्ये अजून हायेत."

एका संध्याकाळी ओसरीवर अशाच पाचसहा जणी बसल्या होत्या. अंगणात पुरुष जाळी आवरत होते. देवकाबाई हगवणीचं, जळजळीचं, पाळी गेल्यावरचं, सगळं उघड सांगत होती. एका म्हाताऱ्याला ते सोसेना. तो म्हणाला, "इस्तारी, तुह्या मायले आवर. गड्यामाणसाईसमोर काय बोलून राह्यली थे?"

इस्तारी हातातलं जाळं टाकून ओसरीवर गेला आणि आईच्या खाटेशी, बायांच्या बरोबरीने, जमिनीवर बसला.

"बोल माय," तो म्हणाला. "मी ऐकून राह्यलो."

आणि देवकाबाई बोलत राहिली. अंगणातला एक जण हळूच जवळ सरकला, मग दुसरा. तो म्हातारा तेवढा बडबडत निघून गेला. त्याची बायको मात्र गेली नाही, ती ओसरीवरच बसून राहिली.

बंधूंनो, भगिनींनो, वाकलेली म्हातारी पाहून देवाची करणी म्हणून हात जोडू नका. तिचं पोट कधी बिघडलं आणि तुम्ही तेव्हा काय केलंत, हे आधी विचारा. बाईच्या हाडांची राखण तिच्या पोटापासून सुरू होते, आणि वय झालं की अधिकच. पोटाची आग दाबून टाकायची नसते, तिचं कारण शोधायचं असतं. आज घरी गेल्यावर आईसमोर बसा आणि तिने आज काय खाल्लं ते विचारा. ती "काही नाही रे, माझं काय" म्हणेल. तेवढ्यावर उठू नका.