मेंढीची चड्डी

मी एक जुनी झोळी आहे, मित्रांनो. जाड ताडपत्रीची, चार पाय घालायला चार भोकं असलेली, वर लोखंडी कडी. उत्तर इंग्लंडच्या डोंगरांत कड्यावर अडकलेल्या मेंढ्यांना मी वर आणते.

गावात पाव भाजणाऱ्या मेविसने मला एका फाटक्या तंबूतून शिवलं. ती बचाव पथकाची प्रमुख. पथकात कोणी पोस्टमन, कोणी शिक्षिका. पगार कुणालाच नाही. फोन आला की हातातलं काम टाकून निघायचं. मला पहिल्यांदा पाहून म्हातारा मेंढपाळ आयझॅक पोट धरून हसला.

"अगं मेविस, ही तर मेंढीची चड्डी!"

तेच नाव मला चिकटलं. मला त्याचा मुळीच राग नाही.

मग एका शरदात आयझॅकचीच म्हातारी मेंढी अडकली. हिरव्या गवताच्या लोभाने ती कड्यामधल्या एका कंगोऱ्यावर, जेमतेम उभं राहण्यापुरत्या सपाटीवर उतरली आणि तिला वर येता येईना. आमच्या डोंगराला कुंपण नाही. आपली हद्द कुठवर, बर्फात आसरा कुठे, हे मेंढीच कोकरांना शिकवते. आयझॅकच्या कळपातल्या बाकी जुन्या मेंढ्या आजाराने गेल्या होत्या. वाट माहीत असलेली ती एकटीच उरली होती. ती गेली असती तर सारा कळप रानोमाळ भटकला असता.

मेविस म्हणाली, "थांबायचं." तिचंही बरोबर होतं. ताकदीची मेंढी माणूस जवळ आला की घाबरून दरीत उडी घेते. कंगोऱ्यावरचं गवत संपलं, अंगातली रग उतरली, की मगच तिला धरता येतं.

दिवस गेले. कंगोरा उघडा पडला, तरी मेंढी टुणटुणीत!

"वारा खाऊन जगते की काय ही?" मेविसने दुर्बीण डोळ्याला लावली. "आणि हे काय? खाली सुकं गवत? आयझॅक!"

आयझॅक टोपी चुरगाळू लागला. "रोज संध्याकाळी थोडंसं... दोरीने सोडतो. उपाशी कशी ठेवू गं? बाटलीने दूध पाजून वाढवलंय मी तिला."

"अहो, आम्ही तिची रग उतरायची वाट बघतोय, आणि तुम्ही तिला पंगतीला बसवलंय!"

आता थांबणंही शक्य नव्हतं. उत्तरेकडून बर्फाचे ढग येत होते. उंचच उंच पोस्टमन आल्विनने मला खांद्यावर टाकलं आणि आम्ही दोरावरून उतरलो. मेंढीने पुढचा पाय आपटला. मागे सरली. तिच्या खुरांखालून दगड सुटून दरीत गेले.

"आल्विन, हलू नकोस!" वरून मेविस म्हणाली. "आयझॅक, गवत सोडताना तिला हाक मारता?"

"मारतो की. त्याशिवाय तोंड लावत नाही, लाडावलीय."

"मग मारा! आणि गवत आल्विनच्या पायाशी सोडा."

आयझॅक कड्यावर पालथा झोपला आणि त्याने लांब, गोड हाक घातली. मेंढीचे कान वळले. एक पाऊल, मग आणखी एक. तिने गवतात तोंड खुपसलं आणि आल्विनने तिच्या मानेची लोकर घट्ट धरली. एकेक पाय माझ्यात गेला.

"चड्डी घातली!" तो ओरडला. "ओढा!"

वर पोहोचून माझ्यातून सुटताच मेंढीने आयझॅकच्या गुडघ्यावर सणसणीत लाथ मारली आणि मागे न बघता आपल्या हद्दीकडे निघाली. आयझॅक खाली बसून हसत होता आणि रडतही होता.

"पुढच्या वेळी आधी सांगा," मेविस म्हणाली.

"पुढच्या वेळी तूच पाव टाक तिला. मी तर आधीच बदनाम झालोय!"

त्या रात्री बर्फ पडला. सकाळी सगळा कळप म्हातारीमागे रांगेने चालत एका उभ्या खडकाच्या आडोशाला पोहोचलेला होता.

आता नव्या, हलक्या झोळ्या आल्या आहेत. मधे कुणीतरी मला ओलंच कोपऱ्यात कोंबलं होतं; अंगावर बुरशी चढली. आयझॅकने ती पाहिली. मला घासून धुतलं, दगडी भिंतीवर उन्हात पसरलं. म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. काम झालं की दोर आणि झोळ्या नीट वाळवून ठेवा. उद्या कुणाचा तरी जीव त्यांच्यावर लटकणार असतो. माझं म्हणाल, तर अजून एक टाकासुद्धा उसवलेला नाही. बोलावून तर बघा!