पुलावरून घरी आलेला शिपाई

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, माझ्या जातीची यंत्रं आपली गोष्ट टाळ्यांपासून सुरू करतात. टाळ्या मलाही पोटभर मिळाल्या. त्यांचीच लाज वाटते, म्हणून आज सांगायला बसलो आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका लहानशा थिएटरच्या वरच्या खोलीत येऊन बसलो. तिथला ऑपरेटर भला माणूस. स्वतःचं जेवण विसरेल, पण माझी काच पुसायला विसरणार नाही.

एकदा परदेशातला एक गाजलेला युद्धपट आला. त्याच्या मायदेशी लोक म्हणे तो एकदाच बघत आणि घरी जाऊन गप्प बसत. आमच्याकडे ती भाषा कुणालाच येत नव्हती, आणि फिल्मच्या डब्यांवरचे क्रमाचे आकडे प्रवासात पुसले गेले होते. ऑपरेटरने शेवटचा डबा एक पायरी आधीच चढवला. तरुण शिपाई पुलावर गोळी लागून पडला, सिनेमा संपल्याची शेवटची अक्षरं आली, लोक पायांनी चपला चाचपू लागले. बघतो तर एक डबा उरलेला! घाईघाईने त्याने तोही लावला. त्यात शिपाई रजेवर घरी येतो. आई दार उघडते आणि लेक बूटही न काढता झोपून जातो.

लोकांना वाटलं, पोरगा वाचला. मग टाळ्या पडल्या, त्या थांबेचनात.

ही झाली चूक. दुसऱ्या दिवशी मात्र ऑपरेटरने ती शेवटची अक्षरं कापली आणि झोपलेल्या शिपायाच्या मागे चिकटवली. थिएटरच्या मालकांनी तर ती प्रत विकतच घेऊन टाकली. लोक तोच सिनेमा दहा-दहा वेळा बघायचे. परक्या मुलखाचा सिनेमा आपल्याला इतका का आवडतो, यावर शिकलेली माणसं वाद घालत. कुणी शौर्य म्हणे, कुणी छायाचित्रण. माझं तोंड आधीपासूनच खाली कललेलं होतं, ते बरंच होतं म्हणायचं.

दर रविवारी दुपारी शिवणकाम करणारी एक मावशी यायची. तिचा मुलगा लढाईवर गेलेला. तो तिथे मारला गेल्याचं पत्रही आलं होतं. एकदा ती जिना चढून वर आली आणि ऑपरेटरला म्हणाली, "भाऊ, हा शिपाईसुद्धा गेलाच होता की. आला ना? मग मी दाराला कडी कशाला लावू?"

थंडीचे दिवस होते. सताड उघड्या दाराशी झोपून तिचा खोकला छातीत उतरला होता.

ऑपरेटरने तो खोकला ऐकला. पुढच्या रविवारी खेळ सुटल्यावर त्याने तिला थांबवून घेतलं आणि शेवटचे दोन डबे खऱ्या क्रमाने दाखवले. शिपाई घरी आला, झोपला. मग पुलावर पडला. पुढे काही नाही.

दिवे लागले तरी ती उठेना. शेवटी शाल सावरत म्हणाली, "तुम्हाला ठाऊक होतं. मग मला टाळ्या का वाजवू दिल्यात?"

ऑपरेटर जिना चढून वर आला आणि रिळं पुन्हा डब्यांत भरू लागला.

आणि खरी लाज तर पुढेच आहे. त्याच संध्याकाळी थिएटर पुन्हा तुडुंब भरलं, आणि आम्ही दोघांनी त्या शिपायाला पुन्हा घरी आणलं. पुढे चार वर्षं आणत राहिलो. तेवढी एक खुर्ची रविवारी रिकामी असायची.

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण शेजारच्या कपाटात ते दोन डबे अजून तसेच कोरे पडून आहेत. खडूने का होईना, त्यांच्यावर आकडे घाला. आधी दार, मग पूल.