एकमेव विधेयक

जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत ती खाली आली, तेव्हा मुठीतल्या कागदाचा घामाने लगदा व्हायचाच काय तो बाकी होता. सभागृहाबाहेरच्या लांब व्हरांड्यात मामा नेहमीच्या बाकावर बसले होते. मतदानाला पाऊण तास उरला होता आणि हा माणूस शांतपणे चष्मा पुसत होता.

"मामा, अठ्ठावन्न-सत्तावन्न!" तिला धड बोलता येईना. "आपण जिंकतोय!"

"सकाळी अठ्ठावन्न-अठ्ठावन्न होते."

"त्यांच्याकडचे मास्तर येत नाहीयेत. छातीत दुखायला लागलं म्हणून पहाटेच दवाखान्यात नेलं त्यांना. आत्ताच कळलं."

बोलून झाल्यावर आपण हे किती आनंदाने सांगितलं, ते तिच्या लक्षात आलं आणि तिने जीभ चावली. पण आनंद काही लपेना. मामांचा चष्म्यावरचा हात थांबला होता, तेही तिला त्या भरात दिसलं नाही.

मामा आमदार होण्याआधीपासून वकील होते आणि दोन्हीकडे त्यांचा धंदा एकच होता, असं लोक गमतीने म्हणत: कोर्टात स्थगिती आणि सभागृहात विरोध. 'जैसे थे' हा कोर्टातला शब्द त्यांच्या तोंडी इतका असायचा की तेच त्यांचं टोपणनाव पडलं होतं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी नव्या करांना विरोध केला, नव्या कायद्यांना केला, सभागृहात गादीच्या खुर्च्या आल्या तेव्हा त्यांनाही केला. मऊ खुर्चीत बसून माणूस कडक विचार करू शकत नाही, असं त्यांनी अर्धा तास पटवून दिलं होतं. खुर्च्या आल्याच, पण मामांच्या जागी अजूनही जुनी लाकडीच होती.

आणि अशा माणसाने शेवटच्या अधिवेशनात, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं विधेयक मांडलं होतं. भाडेकरू वारला तर करारावर नाव नाही एवढ्याच कारणासाठी त्याच्या बायकोला घराबाहेर काढता येणार नाही. विधेयक दीड पानाचं होतं. मसुदा भाचीने लिहिला आणि मामांनी सतरा वेळा खोडला. त्यांच्याच पक्षातल्या घरमालकांना ते जड जात होतं, आणि मास्तरांच्या पक्षाला ते फारच तोकडं वाटत होतं. आणायचा तर अख्खा कायदा आणा, अशी ठिगळं नकोत, असा त्या पक्षाचा आदेश होता. म्हणून मोजणी अशी काट्यावर आली होती. बरोबरी झाली तरी हारच होती, कारण समसमान मतं पडली की प्रस्ताव पडतो, हा सभागृहाचा जुना नियम. तो मोडू नये म्हणून एकेकाळी सगळ्यात जास्त कोण भांडलं होतं, हे सांगायलाच नको.

"चला ना आत," ती म्हणाली. "मत द्यायला होकाराच्या दारातून पहिलं तुम्ही जायचं. तुमचंच विधेयक आहे."

"मी कुठल्याच दाराने जाणार नाही," मामा म्हणाले. "बसून राहणार."

ती हसली. मामांच्या थट्टा अशाच कोरड्या असत. मग त्यांचा चेहरा पाहून ती हसायची थांबली.

"एकोणीस वर्षांपूर्वी माझी शस्त्रक्रिया होती. त्याच दिवशी मतदान. मास्तरांना एका मताने जिंकता आलं असतं. ते बसून राहिले. बरा होऊन आलो तेव्हा याच व्हरांड्यात आम्ही हातावर हात मारला. एक आजारी पडला तर दुसऱ्याने मत द्यायचं नाही. दोघांची जोडी."

"हे लिहिलंय कुठे?"

"लिहिलं असतं तर एव्हाना माझ्यातल्या वकिलाने पळवाट काढली असती."

"मामा, मास्तरांना ते आठवत तरी असेल का?"

"मला आठवतंय ना."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं ती या दीड पानासाठी राबली होती. फोन, भेटी, विनवण्या. नकारघंटा वाजवणाऱ्यांच्या दारात ती ताटकळत उभी राहिली होती. आणि हातातोंडाशी आलेला घास हा माणूस एका टाळीसाठी टाकून देणार होता. तिने मग बोलू नये ते बोलून टाकलं.

"आणि ते शिवणयंत्र? त्याला काय सांगणार?"

वकिलीच्या तिसऱ्या वर्षी मामांनी एक दावा जिंकला होता. शिंपी वारला, करारावर एकट्या त्याचं नाव, घर मालकाला परत मिळालं. कायदा मालकाच्या बाजूने होता आणि मामा कायद्याच्या. ताबा घेताना ते स्वतः हजर होते. रस्त्यावर काढून ठेवलेल्या शिवणयंत्रात अर्धा शिवलेला शर्ट तसाच अडकलेला होता, सुईसकट. शेजारी शिंप्याची बायको आणि दोन मुलं. त्या मुलांच्या शाळेतला एक तरुण शिक्षक गर्दीतून पुढे येऊन भर रस्त्यात मामांना म्हणाला होता, "वकीलसाहेब, जिंकलात! आता हा शर्ट पुरा कोण करणार?" पुढे तोच शिक्षक राजकारणात आला आणि 'मास्तर' म्हणून समोरच्या बाकावर बसला. हे सगळं मामांनीच तिला सांगितलं होतं, मसुदा सतराव्यांदा खोडताना.

"ते यंत्र मला रोज दिसतं," मामा सावकाश म्हणाले. "तू नको दाखवूस."

घंटा झाली.

गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. सभापतींनी प्रस्ताव वाचला आणि सगळं सभागृह एकदम उठलं. उजवीकडे होकाराचं दार, डावीकडे नकाराचं. दोन्हीकडे रांगा लागल्या. गॅलरीतले लोक कठड्यावरून वाकून डोकी मोजत होते, कुणी बोटांवर, कुणी मोठ्याने. अजूनही उठतील, तिला वाटत होतं. मामा आहेत, पण माणूसच आहेत ना, उठतील.

बाकं रिकामी होत गेली. शेवटी त्या एवढ्या मोठ्या दालनात एकटे मामा उरले, लाकडी खुर्चीत, ताठ. हात मांडीवर आणि हातांखाली दीड पान. त्यांच्या पक्षाचा प्रतोद होकाराच्या दारातून धावत परत आला आणि वाकून त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. मामांनी नकारार्थी मान हलवली. त्याने कपाळाला हात लावला. तेवढ्यात दारं बंद झाली.

सत्तावन्न विरुद्ध सत्तावन्न. प्रस्ताव पडला.

गॅलरीत एकच गलका झाला. कुणी म्हणालं, म्हातारा भ्याला. कुणी म्हणालं, घरमालकांनी गाठलं असणार. ती कुणाशीच भांडली नाही. तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं.

"दवाखान्यात जाऊन येऊ," बाहेर आल्यावर मामा एवढंच म्हणाले.

गाडी दवाखान्याकडे निघाली. मास्तरांचं काही बरंवाईट झालं तर आपण मघाशी केवढ्या आनंदाने जिना उतरलो, हे आयुष्यभर डाचत राहील, या विचाराने तिचा राग हळूहळू भीतीकडे झुकला. दुसऱ्या मजल्यावर परिचारिकेने त्यांना अडवलं.

"छातीत दुखणारे मास्तर ना?" ती वैतागूनच म्हणाली. "सगळ्या तपासण्या झाल्या, कुठे काही नाही. सकाळी दोन नाश्ते खाल्ले. घरी जा म्हटलं तर म्हणतात, मतदान संपल्याशिवाय हलणार नाही."

भाची जागच्या जागी थिजली. मामा मात्र चालत राहिले, पण त्यांची पावलं आधीसारखी पडत नव्हती.

मास्तर पलंगावर मांडी घालून बसले होते. पायांत बूट होते. मामांना बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"या, या! झालं ना मंजूर? किती मतांनी, एकाच ना?"

मामा उभेच राहिले.

"पडलं," ते म्हणाले. "सत्तावन्न-सत्तावन्न."

"पण तुमची अठ्ठावन्न..." मास्तर बोटांवर मोजायला लागले आणि एका बोटापाशी थांबले. त्यांनी मामांकडे बघितलं. "तू बसून राहिलास?"

अठ्ठावीस वर्षं ते दोघे एकमेकांना अहो-जाहो करत होते.

"तुम्ही आजारी होतात," मामा म्हणाले.

"अरे, आजारी कसला! पक्षाचा आदेश, उघड मोडता येईना. आलो असतो तर विरोधात जावं लागलं असतं. म्हटलं, पडून राहू, एका मताने मंजूर होईल. त्या शिंपिणीसारख्या बायकांचं काम होईल." त्यांचा आवाज चिरकला. "एकोणीस वर्षांपूर्वीची टाळी! निदान आज तरी विसरशील, असं वाटलं होतं मला."

"मला वाटलं, तुम्ही विसरला नसाल."

मग मास्तरांना हसू फुटलं, आधी नाकातून, मग पोट धरून. मामाही हसले, आणि हसता हसता पलंगाच्या कडेवर मटकन बसले. मामांना असं हसताना भाचीने कधी पाहिलं नव्हतं. दोन म्हाताऱ्यांनी मिळून दोन वर्षांची मेहनत मातीत घातली होती आणि तिला त्यांचा राग यायला हवा होता. तिचे डोळे मात्र भरून आले.

"कागद आहे का जवळ?" मास्तरांनी डोळे पुसत विचारलं. "इथे ठेव. तुझी मुदत संपत आली. माझी अजून दोन वर्षं आहेत."

"आणि तुमचा पक्ष?"

"भांडतो पक्षाशी. या वेळी छातीत दुखणार नाही."

मामांनी कोटाच्या आतल्या खिशातून दीड पान काढलं, मांडीवर सपाट केलं आणि भाचीच्या हातात दिलं. सोबत आपलं शाईचं पेन.

"मांडणाऱ्याचं नाव बदल," ते म्हणाले. "बाकी एक अक्षर हलवायचं नाही."

"म्हणजे जैसे थे," मास्तर म्हणाले.

भाचीने पलंगाशेजारच्या स्टुलावर कागद ठेवला आणि मामांच्या नावावर आडवी रेघ मारली. ती रेघ वाकडीच आली. वर 'मास्तर' लिहायला तिने सुरुवात केली, तसा मामांनी हात वर केला.

"तसं नाही. पूर्ण लिही."

आणि मग मामांनी मास्तरांचं नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, कुठेही न अडखळता. ते नाव तिने मामांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं.