न वाचता सही केलेलं पत्र

अजिनाथ कोळेकरला खोटं बोलता येत नसे आणि त्यात त्याचा काही मोठेपणा नव्हता. खोटं बोलायला तोंड उघडलं की त्याचे कान लालभडक व्हायचे. लहानपणी एसटीत अर्ध्या तिकिटासाठी वय कमी सांगताना, शाळेत पोट दुखतं म्हणताना, सगळीकडं त्याच्याआधी त्याच्या कानांनीच कबुली देऊन टाकली होती. त्यामुळं त्यानं तो नादच कधीचा सोडला होता.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर तो संभाजीनगरात टीव्ही सेंटरजवळ एका खोलीत शिवम नावाच्या वर्गमित्राबरोबर राहत होता. गाव वेरूळच्या पलीकडं डोंगराच्या कडेला. वडील मुंजाबा मेंढरं राखायचे. जूनमध्ये पैठण रस्त्यावरच्या, चितेगावच्या अलीकडच्या एका संशोधन केंद्राची जाहिरात आली. डॉ. करुणा पाथ्रीकर यांच्या हाताखाली एक संशोधक विद्यार्थी पाहिजे. विषय, मेंढ्यांवरचे गोचीड. काम करता करता पीएच.डी. सोबत स्वतःबद्दल एक पान आणि ओळखणाऱ्या शिक्षकाचं शिफारसपत्र.

"गड्या, ही जाहिरात तुझं नाव विचारूनच काढल्यासारखी आहे," शिवम म्हणाला. "गोचिडात वाढलेला माणूस तू. थांब, माझ्याकडं तयार मजकूर आहे. तिघाचौघांनी वापरलाय."

त्यानं मोबाइल पुढं केला. पहिलंच वाक्य होतं, 'आपल्या संशोधनाने मी लहानपणापासून भारावून गेलो आहे.'

"लहानपणी मला ह्या मॅडम माहीतच नव्हत्या," अजिनाथ म्हणाला.

"मॅडमला तरी तू कुठं माहीत होतास? लिही गपचूप."

अजिनाथनं लिहून पाहिलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, कागदाला डोळे नव्हते, तरी कान तापले. त्यानं ते वाक्य खोडलं आणि जे होतं ते लिहिलं. मेंढरं वडिलांची आहेत. मी लहानपणापासून शक्य तितका मेंढरांपासून लांब राहत आलो, कारण मला त्यांचा वास सोसत नाही. आपला एक शोधनिबंध वाचला, निम्मा समजला. इंग्रजी वाचता येतं, बोलताना घाम फुटतो. तरीही ही जागा हवी आहे, कारण आमच्या कळपात एक मेंढी आहे जिला गोचीड धरतच नाहीत. शेजारच्या मेंढीचे कान भरलेले असतात आणि ही मोकळी. असं का, हे मी चार जणांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही, आणि ते डोक्यातून जात नाही.

शिवमनं वाचलं आणि कपाळावर हात मारला. "हा अर्ज आहे का तक्रार?"

आता राहिलं शिफारसपत्र. अजिनाथ कॉलेजात वाकळे सरांकडं गेला. पुंजाराम वाकळे विभागप्रमुख होते. एम.एस्सी.ला दोन वर्षं त्यांनीच शिकवलं होतं. त्या आठवड्यात कॉलेजला तपासणी समिती यायची होती. सर फायलींच्या ढिगाऱ्यामागं अर्धे बुडाले होते आणि फोनवर कुणाला तरी कुंड्यांबद्दल झापत होते.

"शिफारसपत्र ना? टाईप करून आण, सही ठोकतो."

"सर, पण तुमच्या नावानं मी कसं…"

"अरे, सगळेच तसं करतात. मला कुठं वेळ आहे? चांगलं लिही, लाजू नको."

ही परवानगी झाली, पण अडचण वाढली. अजिनाथ खोलीवर येऊन बसला आणि विचार करू लागला की सरांना आपल्याबद्दल नेमकं काय माहीत असेल. सर होऊन तो स्वतःकडं बघू लागला. जे दिसलं ते काही फार भारी नव्हतं. मग त्यानं सरांच्या वतीनं लिहिलं:

'हा विद्यार्थी मागच्या बाकावर बसत असे. हुशार आहे असे मी ठामपणे सांगू शकत नाही. त्याने प्रयोगशाळेत सात काचपट्ट्या फोडल्या, पैकी पाच स्वतःहून कबूल केल्या आणि दोन मला नंतर कळल्या. एकदा त्याचे आकडे पुस्तकातल्या आकड्यांशी जुळले नाहीत. इतर मुलांनी जुळवून लिहिले, याने आले तसेच लिहिले. मी त्याला सर्वांसमोर रागावलो. महिन्याभराने कळले की आमचे यंत्रच बिघडले होते. मी त्याला तसे सांगितले नाही.'

दुसऱ्या दिवशी तो पत्र घेऊन गेला. सरांच्या कानाला फोन तसाच होता, कुंड्या अजून आल्या नव्हत्या.

"सर, एकदा वाचून घेता का?"

"माझा विश्वास आहे तुझ्यावर, संतोष." सरांनी सही केली, शिक्का मारला.

"अजिनाथ, सर."

"तेच ते."

आठ दिवसांनी मुलाखतीचं बोलावणं आलं. शिवमनं शहागंजच्या बाजारातून आणलेला स्वतःचा कोट जबरदस्तीनं त्याच्या अंगावर चढवला. बाह्या मनगटाच्या वर राहत होत्या. ह्या थाटात अजिनाथ डॉ. पाथ्रीकरांच्या समोर बसला. मॅडम पन्नाशीच्या, केस आखूड, बोलणं कापल्यासारखं. टेबलावर बाटल्यांच्या रांगा होत्या आणि प्रत्येकीत एकेक गोचीड.

"एक्केचाळीस अर्ज आले," मॅडम म्हणाल्या. "त्यात नऊ जण माझ्या संशोधनानं लहानपणापासून भारावलेले आहेत. मी गोचिडांवर काम सुरू करून सहा वर्षं झाली. ह्या मुलांचं लहानपण फारच लांबलेलं दिसतं."

अजिनाथला हसावं की नाही ते कळेना. तो नुसताच बाह्या ओढत राहिला.

मॅडमनी प्रश्न सुरू केले. पहिला आला. दुसरा अर्धा आला. तिसऱ्याला तो म्हणाला, "माहीत नाही." चौथ्यालाही तेच. पाचव्याला मॅडमच म्हणाल्या, "हेही माहीत नसेल," आणि ते मात्र त्याला येत होतं.

मग त्यांनी एक कागद पुढं घेतला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हे तुमच्या सरांचं पत्र. वीस वर्षं मी शिफारसपत्रं वाचतेय. सगळे विद्यार्थी तेजस्वी, सगळे कष्टाळू, सगळे नेतृत्वगुणांनी युक्त. हे असं पत्र मी पहिल्यांदा बघितलं. शिक्षक स्वतःची चूक लिहून देतो! 'मी त्याला तसे सांगितले नाही.' काय माणूस असेल हा! खरं सांगू? तुमच्या उत्तरांवर मी तुम्हाला घेतलं नसतं. ह्या पत्रावर घेणार आहे."

अजिनाथ बाह्या ओढायचा थांबला. गप्प बसलं असतं तर काम झालं होतं. सही खरी होती, शिक्का खरा होता, मजकुरातला शब्दन् शब्द खरा होता. तो काही बोललाच नव्हता, मग खोटं कुठून बोलला? हा सगळा हिशोब त्यानं मनातल्या मनात चोख मांडला. पण कान ऐकेनात.

"तुम्हाला बरं वाटत नाही का?" मॅडमनी विचारलं. "कान फारच लाल झालेत."

"मॅडम, ते पत्र मीच लिहिलंय."

मॅडमनी चष्मा काढला. अजिनाथनं कुंड्यांपासून संतोषपर्यंत सगळं सांगितलं. मॅडमनी ऐकून घेतलं, पत्राखालचा नंबर फिरवला आणि फोनचा स्पीकर लावला.

"अजिनाथ कोळेकर?" वाकळे सरांचा आवाज दणदणीत आला. "अहो हिरा आहे, हिरा! माझा सगळ्यात लाडका विद्यार्थी. कायम पहिल्या बाकावर!"

"तुम्ही पत्रात लिहिलंय, मागच्या बाकावर."

"…हां, म्हणजे, उंच आहे ना. मागं बसवावं लागायचं."

"आणि सात काचपट्ट्या फोडल्या."

"कष्टाळू मुलगा, मॅडम. काम करणाऱ्याच्याच हातून फुटतात."

"आणि यंत्र बिघडलेलं असताना तुम्ही त्याला सर्वांसमोर रागावलात, हेही तुम्ही कबूल केलंय."

पलीकडून कुणीतरी कुंडी सरकवल्याचा आवाज आला.

"मॅडम," सर बारीक आवाजात म्हणाले, "मी जरा मीटिंगमध्ये आहे."

फोन बंद झाल्यावर मॅडम खुर्चीत मागं रेलून हसल्या. डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसल्या. मग पुसलं आणि पुन्हा पहिल्यासारख्या झाल्या.

"पत्र बाद. मजकूर खरा, सही खरी, आणि तरी पत्र खोटं! शुक्रवारपर्यंत सरांनी स्वतः लिहिलेलं पत्र आणा. स्वतःच्या अक्षरात. ते म्हणतील ते मला चालेल. नाही आणलंत, तर दुसऱ्या कुणाला तरी घेईन."

गुरुवारी संध्याकाळी अजिनाथ सिडकोत सरांच्या घरी गेला. सरांच्या बायकोनं, रूपाकाकूंनी, दार उघडलं. आतून सर गरजले, "आला का तो? माझी अब्रू घालवून आता चहाला आला का?"

"सर, मी वाचायला सांगितलं होतं."

"चांगलं लिही म्हणालो होतो ना मी! चांगलं म्हणजे काय, एवढंही कळत नाय तुला?"

"काय लिहिलंय तरी काय?" काकूंनी विचारलं. अजिनाथकडं एक प्रत होती. काकू चष्मा लावून मोठ्यानं वाचू लागल्या. सात काचपट्ट्यांपाशी त्यांना हसू फुटलं. शेवटच्या ओळीपाशी आल्यावर मात्र त्या थांबल्या.

"अहो, हे यंत्राचं खरं आहे का?"

सर टीव्हीकडं बघू लागले. टीव्ही बंद होता.

"खरं आहे का, विचारतेय मी."

"…पीएच मीटर होतं ते. जुनं झालं होतं." सरांनी मान वळवली आणि पहिल्यांदा अजिनाथकडं नीट पाहिलं. "तो तू होतास व्हय? खिडकीपाशी उभा केला होता मी. तासभर."

"व्हय सर."

"बोलला का नाहीस नंतर?"

"तुम्ही दुसरं यंत्र मागवलं, सर. मला वाटलं, झालं."

काकूंनी कागद आणि पेन सरांच्या पुढ्यात ठेवलं आणि चहा टाकायला गेल्या.

सर लिहायला बसले. 'हा विद्यार्थी अत्यंत' एवढं लिहून कागद फाडला. पुन्हा 'सदर विद्यार्थी' लिहून फाडला. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी शेकडो पत्रांवर सह्या केल्या होत्या, पण लिहिलेलं हे पहिलंच. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाले, "इकडं ये, बस समोर. मला तू माहीतच नाहीस, तर लिहू काय?"

मग त्यांनी त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. परीक्षेतले नव्हे. तू प्राणिशास्त्राला का आलास, कशाचा कंटाळा येतो, गोचीडच का. अजिनाथनं त्या मेंढीचं सांगितलं तेव्हा सरांनी विचारलं, तिच्या पिल्लांना गोचीड लागतात का. शेवटच्या प्रश्नावर अजिनाथ अडखळला. हे त्यानं कधी बघितलंच नव्हतं. त्यानं तिथूनच गावाकडं फोन लावला. आई, मंजुळाबाई, म्हणाली, "तिच्या पिल्लाला लागत्यात की. लई लागत्यात. आन तू कोणाच्या घरी बसून इचारायलास हे?"

सर खुर्चीत पुढं सरकले. "म्हणजे जन्मानं आलेलं नसेलही. खाण्यात काही वेगळं आहे का?" आणि पुढचा अर्धा तास गुरू-शिष्य दोघंही पत्र विसरून गेले. काकूंनी दुसऱ्यांदा चहा दिला तेव्हा कुठं सरांना आठवण झाली. त्यांनी एका दमात अर्धं पान लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि म्हणाले, "उघडायचं नाय."

शुक्रवारी मॅडमनी पाकीट फोडलं. वाचताना त्यांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. मग त्यांनी कागद अजिनाथकडं वळवला.

'मागील पत्रावर मी न वाचता सही केली होती. आज घरी वाचून घेतले. त्यातील सर्व मजकूर खरा आहे, यंत्राचा सुद्धा. या मुलाला मी दोन वर्षे शिकवले पण ओळखत नव्हतो. आज दीड तास बोललो. त्याला बरेच येत नाही. जे येत नाही ते तो लपवत नाही आणि विचारायला फोन लावतो. मला असा विद्यार्थी मिळाला होता, हे मला उशिरा कळले. आपण उशीर करू नये.'

खाली सही होती. शिक्का नव्हता.

"तीन महिने बघते," मॅडम म्हणाल्या. "नंतर पीएच.डी.ची नोंदणी. आणि काचपट्ट्या जपून. ह्या प्रयोगशाळेत कबुलीची वही आहे, पहिल्या पानावर माझंच नाव आहे."

अजिनाथ सोमवारी कामावर रुजू झाला. पहिले पंधरा दिवस त्यानं नुसते गोचीड मोजले.

कॉलेजात मात्र पंचाईत झाली. वाकळे सर आता कुणालाही टाईप करून आणायला सांगेनात. शिफारसपत्र हवं असेल त्यानं संध्याकाळी घरी यायचं आणि तासभर बसायचं, असा त्यांनी नियमच केला. पुढच्या महिन्यात शिवमला बँकेतल्या एका नोकरीसाठी पत्र लागलं. गुरुवारी गेला तो नऊला परतला, घामानं निथळत.

"काय विचारलं सरांनी?" अजिनाथनं विचारलं.

"म्हणाले, बँकेत कशाला जायचंय तुला." शिवम खाटेवर आडवा झाला. "दोन तास झाले, मी अजून विचारच करायलोय."